मुरूम

आमच्या भाषेत दोन्हींना एकच शब्द,
आणि माझे पप्पा त्याचाच डंपर चालवतात.
अमळनेर ते पारोळा, पारोळ्याहून परत,
नव्या रस्त्याच्या कडेनं तांबडे ढीग.
हे नववी ब-ला कळायला
एक तासही लागला नाही.
‘पाटलांची एक ट्रिप इथंपण पडली का रे?’
मागच्या बाकावरून प्रीतेश.
खरं सांगते, हसू मलाही आलं,
विनोद चांगला होता.
मग मधल्या सुट्टीत नळावर
चार वेळा तोंड धुतलं.

तेव्हापासून मी मोजते.
कपाळावर अकरा.
हनुवटीवर तीन, त्यातला एक पिकलेला.
नाकाच्या शेंड्यावर एक,
जो परीक्षेच्या आदल्या रात्री उगवतो,
प्रत्येक परीक्षेच्या.
ट्यूबवर छापलंय ‘तारुण्यपिटिका’,
जणू कुणी संस्कृतातून
माझं अभिनंदन करतंय.
हळद झाली, मुलतानी माती झाली,
दुधात जायफळ उगाळून झालं.
शेजारच्या केशरमावशी म्हणाल्या, तिखट सोड.
खान्देशात!
शेवभाजी सोड, ठेचा सोड,
मग भाकरीशी लावू काय, त्यांचा सल्ला?

मे महिना मला आवडतो.
चव्वेचाळीस डिग्री, दुपारी रस्त्यावर कुत्रं नाही,
आणि घराबाहेर पडलेली प्रत्येक मुलगी
स्कार्फमध्ये गुंडाळलेली, नुसते डोळे.
ताईच्या स्कूटीवर मागे मी,
शेजारच्या स्कूटीवर मागे हेमांगी,
जिचे गाल केळीच्या कोवळ्या पानासारखे.
आता ओळखून दाखवा कोण कोण ते.
दीड महिना मी सुंदर असते.
किंवा कुणीच नसतं.

शाळा उघडली की स्कार्फ सुटतो.
म्हणून साठवलेल्या दोनशे वीस रुपयांत
बाजारातून एक कन्सीलर आणला.
दुकानदार म्हणाला, ‘नॅचरल’ घे.
कुणाचं नॅचरल, ते नाही सांगितलं.
कडी लावून, आरशाला नाक टेकवून लावला.
लाली गेली, उंचवटे राहिले,
वरून पीठ भुरभुरलेली बट्टी.

श्रावणात काकूंकडे कानबाई बसली.
अंगणात बायांची गाणी, घरभर रोटांचा वास.
मी लावूनच गेले होते,
मानेपर्यंत काही पुरला नव्हता.
काकू नारळ सजवायला बसल्या.
‘हाऊ नारय धर व जरा.’
धरला. तळहाताला टोचला.
त्यांच्या सासूच्या वेळचा, काळपट,
एका अंगाला बारीक चीर.
कुणी त्याला घासलं नाही,
पावडर फासली नाही,
डोळे लावले, नथ लावली, कुंकू लावलं
आणि घरातल्या सगळ्या बाया
त्याच्यापुढे वाकल्या. मीही वाकले.

मी देवी नाही, हे मला कळतं.
देवीला नववी ब-त बसावं लागत नाही.

रात्री पप्पा ट्रिप संपवून तिथंच आले,
भुवयांत तांबडी धूळ.
बल्बखाली माझ्याकडे बघत राहिले.
‘तोंडले काय लायं व?’
‘काही नाही.’
मग ते काकांशी रस्त्याचं बोलत बसले,
ठेकेदाराची घाई, साहेबांची सही.
‘डांबर घाई करीसन टाकं ते उखडस.
मुरूमले एक पावसाया खाऊ दे.
बसस तो.’

रस्त्याचंच बोलत होते. मला ठाऊक आहे.

कन्सीलर अजून दप्तराच्या आतल्या कप्प्यात आहे,
अर्धा.
मंगळवारी गणिताची चाचणी,
आणि नाकाचा शेंडा
आत्तापासून ठणकतोय.